आपली घरगल्ली

आमची चाळ परळला आहे. तळमजला धरून तीन मजले. मजल्यावर अठरा खोल्या. पुढे लांब गॅलरी आणि गॅलरीच्या टोकाला संडास. चाळीच्या पुढच्या अंगाला रस्ता आहे, दुकाने आहेत, गणपतीचा मांडव पडतो. मागच्या अंगाला मात्र एक गल्ली आहे. ती कुणी पाहुण्याला दाखवीत नाही.

दोन चाळींच्या मधली ही बोळ. रुंदी जेमतेम दोन-तीन हात. हिला घरगल्ली म्हणतात. कुणी हाऊसगल्ली म्हणतात. गिरगावच्या वाड्यांत जा, लालबागच्या चाळींत जा, दादरच्या जुन्या इमारतींत जा. मागे ही गल्ली दिसेलच.

ही गल्ली कशासाठी ठेवली? जुन्या काळी मुंबईत घरोघर टोपलीचे संडास होते. भरलेली टोपली मागच्या बाजूने काढावी लागे. ती काढायला सफाई कामगार या गल्लीतून येत. पुढे पाण्याचे संडास आले. टोपली गेली, गल्ली राहिली. आज मोरीच्या सांडपाण्याचे, संडासाचे आणि पावसाच्या पाण्याचे नळ या गल्लीतूनच खाली उतरतात. म्हणजे घरगल्ली ही चाळीची आतडी आहेत म्हणा ना! आतडी तुंबली की माणूस आजारी पडतो. गल्ली तुंबली की चाळ आजारी पडते.

या गल्लीत टाकलेला कचरा पुढे काय करतो, हे आज आपण पाहू. आम्ही शाळेत मुलांना स्वच्छतेचा धडा पुष्कळ वर्षे शिकवला. फळ्यावर चित्रे काढली. आणि घरी आमच्याच मोरीच्या खिडकीतून चहाचा चोथा खाली जात होता. हे लपवण्यात अर्थ नाही.

पुडीचा हिशेब

समजा, सकाळी कोलंबी सोलली. साले उरली. कचऱ्याची गाडी येऊन गेली आहे. उद्यापर्यंत ठेवावी तर दहा बाय बाराच्या खोलीत वास सुटेल. मोरीची खिडकी उघडीच आहे. पुडी बांधली आणि दिली सोडून. पुडी डोळ्याआड झाली. आपल्याला वाटले, कचरा गेला.

आता हिशेब करा. एका चाळीत चोपन्न खोल्या. गल्लीच्या दोन्ही बाजूंना चाळी. म्हणजे खोल्या झाल्या एकशे आठ. प्रत्येक खोलीने रोज एकच पुडी टाकली, तरी महिन्याला तीन हजारांवर पुड्या होतात. त्या वाहून न्यायला गल्लीत गाडी येत नाही. माणूससुद्धा अंग चोरूनच आत शिरतो. मग त्या पुड्या खातो कोण?

उंदराचे घर

उंदराला तीन गोष्टी लागतात. खायला अन्न, प्यायला पाणी आणि लपायला जागा. घरगल्लीत तिन्ही मिळतात. अन्न आपण वरून टाकतो. पाणी फुटक्या नळातून गळते. लपायला फुटकी गटारे आणि कचऱ्याचे ढीग आहेतच.

उंदरीण तीन आठवड्यांत विते. एका वेळी सहा ते दहा पिल्ले होतात, कधी जास्तही. ती पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. मुंबईची महापालिका रात्री उंदीर मारायला माणसे पाठवते. हातात काठी आणि बॅटरी घेऊन ती गल्लीबोळांत फिरतात. एका माणसाने रात्रीत तीस उंदीर मारायचे, असा दंडक. केवढे कष्टाचे काम! पण आपण रोज रात्री उंदरांची पंगत वाढत असलो, तर मारणारा किती मारील? विषाच्या गोळ्यांचेही तसेच. ताजा भात आणि मासळी समोर असताना उंदीर गोळीला तोंड लावीत नाही. म्हणून उंदीर कमी करायचे तर पहिला उपाय एकच, त्याचे जेवण बंद करणे.

मुंबईने पाहिलेली साथ

उंदीर काय करू शकतो, हे मुंबईने एकदा पाहिले आहे. १८९६ सालच्या सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात गाठीच्या तापाचे रोगी सापडले. डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी तो प्लेग असल्याचे ओळखले. मांडवी म्हणजे गोदीजवळची वस्ती. धान्याची गोदामे आणि दाटीची घरे. तिथे आधी उंदीर पडू लागले, मग माणसे. लोक इतके घाबरले की लाखो माणसे मुंबई सोडून गावी गेली.

प्लेग कशाने होतो, हे तेव्हा नीट ठाऊक नव्हते. घाणेरड्या हवेने होतो, अशी पुष्कळांची समजूत होती. गटारे कार्बोलिक घातलेल्या पाण्याने धुतली, घरे रिकामी केली. हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ मुंबईत आले. त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळला गव्हर्नरसाहेबांच्या जुन्या बंगल्यात आली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. आमच्या चाळीपासून ती चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

१८९८ साली सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवले की मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू माणसाला चावते आणि प्लेग देते. आधी कुणी त्यांचे फारसे ऐकले नाही. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत पुन्हा प्रयोग झाले, तेव्हा ती गोष्ट पक्की ठरली.

त्याच काळातली आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. स्नोसाहेब तेव्हा मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. सफाई कामगार शहर सोडून गेले तर काय होईल, ही त्यांना मोठी धास्ती होती. मोठमोठे शेठ आणि साहेब गेले, तरी शहर कसेबसे चालले असते. झाडू मारणारे गेले असते, तर शहर राहण्याजोगे उरले नसते.

आमच्या चाळीतला मुलगा

आता प्लेगचे भय तेवढे राहिले नाही. पण उंदीर आहे आणि त्याचा दुसरा रोगही आहे. त्याचे नाव लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. रोगी उंदराच्या मुतात या रोगाचे जंतू असतात. ते पावसाच्या पाण्यात मिसळतात. पायाला जखम असली, भेग असली, तर त्या वाटेने अंगात शिरतात. डोळे, नाक आणि तोंड यांतूनही शिरतात.

२६ जुलै २००५ चा पाऊस मुंबईत कोण विसरेल? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या चाळीतला एक मुलगा कुर्ल्याला कामाला होता. एकोणीस वर्षांचा, आमच्याच शाळेत शिकलेला. गाड्या बंद. कमरेइतक्या पाण्यातून चालत तो पहाटे घरी आला. चपलेने टाच कापली होती. आईने गरम पाण्याने पाय धुतले, हळद लावली. सगळ्या चाळीने सुटकेचा श्वास सोडला. पोरगा घरी आला!

नवव्या दिवशी त्याला ताप भरला. डोके दुखे, पोटऱ्या दुखत. सगळ्यांनी म्हटले, भिजला म्हणून ताप आला. आम्हीही तेच म्हटले. तापाची गोळी दिली. डोळे लाल झाले, मग पिवळे दिसू लागले. लघवी कमी झाली. तेव्हा इस्पितळात नेला. तोवर फार उशीर झाला होता. तो परत आला नाही. त्या पावसानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली. तिच्यात असे कितीतरी गेले.

वाचकहो, हा रोग वेळेवर ओळखला तर साध्या औषधांनी बरा होतो. हे आम्हाला तेव्हा ठाऊक असते, तर त्या मुलाला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले असते. म्हणून तुम्ही लक्षात ठेवा. तुंबलेल्या पाण्यातून चाललात, तर पाय साबणाने धुवा आणि बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांना किंवा पालिकेच्या दवाखान्यात दाखवा. रोग होऊ नये म्हणून गोळी असते. ती घ्यायची की नाही, हे डॉक्टर सांगतील. पावसाळ्यात ताप आला तर "मी पाण्यातून चाललो होतो" हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा.

त्या मुलाला जो रोग झाला, तो आमच्या गल्लीतल्या उंदराने दिला नसेल. कुर्ल्याच्या, नाहीतर शीवच्या कुणाच्या तरी गल्लीत तो उंदीर पोसला असेल. त्या गल्लीतल्या लोकांना आमचा मुलगा ठाऊकही नव्हता. मग आमच्या गल्लीतल्या उंदरांचे काय? परळ-दादरकडचे पाणी सखल भागाकडे, हिंदमाताकडे धावते. तिथे ते तुंबते. त्या पाण्यातून रोज कुणाची तरी मुले घरी जातात. आम्ही वरून टाकलेली पुडी कुणाच्या मुलाच्या पायाशी पोचली, हे आम्हाला कसे कळणार?

आता हिंदमाताचे पाणी उपसायला पंप आहेत. पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या बांधल्या आहेत. चांगली गोष्ट आहे. पण गटाराच्या जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी बसली, तर पाणी टाकीपर्यंत जाणार कसे?

माशी आणि डास

गल्लीतला दुसरा पाहुणा म्हणजे माशी. ओल्या कचऱ्यावर ती एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते. मुंबईच्या उकाड्यात आठ-दहा दिवसांत त्यांच्या माश्या होतात. माशी खाली गल्लीत बसते, मग खिडकीतून येऊन बाळाच्या वाटीवर बसते. जुलाब, हगवण आणि विषमज्वर यांचे जंतू तिच्या पायांना चिकटून येतात.

तिसरा पाहुणा डास. डेंगूचा डास घाण पाण्यात वाढत नाही. त्याला साठलेले, स्वच्छ दिसणारे पाणी लागते. नारळाची करवंटी, चहाचा प्लॅस्टिकचा कप, फुटकी बालदी, जुना टायर. सुका कचरा म्हणून आपण हे गल्लीत, पत्र्यावर किंवा गच्चीवर टाकतो. पाऊस पडला की त्यात पाणी साठते. आठ-दहा दिवसांत डास उडतो. हा डास दिवसा चावतो. फार लांब जात नाही. म्हणजे आपल्याला चावणारा डास बहुधा आपल्याच चाळीत जन्मलेला असतो.

घरातल्या पाण्याच्या पिंपाचेही तसेच. नळ पहाटे येतो, म्हणून आपण पिंपे भरून ठेवतो. आठवड्यातून एक दिवस पिंप रिकामे करा, आतून काथ्याने घासा आणि कोरडे करा. डासाची अंडी पिंपाच्या कडेला चिकटून राहतात. नुसते पाणी ओतून ती जात नाहीत.

चाळीची सभा

तो मुलगा गेला, त्यानंतर चाळीची सभा भरली. आम्ही उभे राहून अर्धा तास बोललो. स्वच्छता, आरोग्य, नागरिकाचे कर्तव्य, सगळे सांगितले. मग विचारले, गल्लीत कचरा कोण टाकतो? सगळे गप्प. कुणीच टाकत नाही, आणि गल्ली मात्र भरते!

तेव्हा तळमजल्यावरच्या एक वयस्कर काकी उठल्या. म्हणाल्या, "गुरुजी, रागावू नका. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता. तुम्हाला खालचा वास येत नाही. माझी खिडकी गल्लीत आहे. गेल्या बारा वर्षांत ती मी उघडलेली नाही. कुणाच्या खिडकीतून काय पडतं, ते मला आवाजावरून कळतं. तुमचा चहाचा चोथा सकाळी सातला पडतो."

सभा हसली. आम्हाला हसू आले नाही. पण त्या दिवशी एक गोष्ट कळली. कचरा वरचा टाकतो आणि सोसतो खालचा.

गाडगेबाबांची धर्मशाळा दादरला आहे. बाहेरगावचे रोगी आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात. बाबा गावात गेले की आधी खराटा हाती घेत, गाव झाडून काढत आणि मग रात्री कीर्तन करीत. आम्ही उलटे केले होते. आधी कीर्तन केले आणि खराटा घेतलाच नव्हता.

त्या वर्षी गणपतीची रोषणाई रद्द केली. त्या पैशांतून हातमोजे, गमबूट आणि गोणपाट आणले. पालिकेचे कामगार आले, चाळीची तरुण मुलेही उतरली. आम्हीही उतरलो. दोन दिवसांत चाळीसहून अधिक गोण्या भरल्या. काय काय निघाले म्हणता! औषधाच्या शिश्या, मासळीचे काटे, बाळाचे लंगोट, चपला, पिशव्या आणि आमच्या शाळेची एक लाकडी पट्टी. एका कामगाराच्या बोटाला दाढीचे पाते लागले. कुणीतरी ते कागदात न गुंडाळताच टाकले होते. त्याने बोट धुतले, चिंधी बांधली आणि पुन्हा काम सुरू केले. आम्ही सगळे खाली मान घालून उभे राहिलो.

आम्ही काय केले

मग चाळीने काही गोष्टी ठरवल्या. त्या कुणालाही जमण्यासारख्या आहेत.

१. प्रत्येक मोरीच्या खिडकीला बारीक जाळी बसवली. वर्गणी काढून बसवली. जाळी असली की हात आपोआप थांबतो.

२. दोन डबे ठेवले. एकात ओला कचरा, म्हणजे भाजीची देठे, उरलेले अन्न, मासळी, चोथा. दुसऱ्यात सुका, म्हणजे कागद, बाटल्या, डबे, प्लॅस्टिक. २०१६ साली केंद्र सरकारने नियम केले, त्यांतही कचरा घरातच वेगळा करायला सांगितले होते. ओल्यात सुका मिसळला, की दोन्ही वाया जातात. कोरडा कागद विकला जातो. आमटीत भिजलेला कागद कोण घेईल?

३. ओल्या डब्याला घट्ट झाकण लावले. मासळीची साले कागदात बांधून डब्यात ठेवायची आणि सकाळी गाडीलाच द्यायची. ज्यांना कामावर लवकर जावे लागते, त्यांचा डबा शेजारणीने खाली न्यायचा. त्याची पाळी लावली.

४. पाते, फुटकी काच आणि सुई जाड कागदात गुंडाळून वर लाल खूण करायची. लंगोट आणि बायकांचे पॅड वेगळ्या कागदात बांधून, तशीच खूण करून द्यायचे. संडासात टाकायचे नाहीत. नळ तुंबतो आणि तो मोकळा करायला माणसाला हात घालावा लागतो.

५. गच्चीवर एका पिंपाला भोके पाडून भाजीच्या देठांचे खत करायला घेतले. पहिल्यांदा फसले, घाण सुटली. ओल फार झाली होती. मग देठांच्या थराआड सुका पाला आणि नारळाची शेंडी घालू लागलो. वास गेला. दोन-अडीच महिन्यांत काळे, मऊ खत झाले. मासळी आणि शिजलेले अन्न त्यात घालीत नाही. चाळीतल्या तुळशींना तेच खत घालतो. गणपतीचे निर्माल्यही पिशवीत बांधून समुद्रात टाकीत नाही. चौपाटीवर कलश ठेवलेले असतात, त्यांत देतो.

६. नळ फुटला किंवा गटार तुंबले, तर पालिकेला १९१६ या क्रमांकावर कळवायचे आणि तक्रारीचा नंबर वहीत लिहून ठेवायचा. नंबर नसला की तक्रार हवेत जाते. नुकत्याच लिहायला शिकलेल्या एका बाईंकडे ही वही दिली. त्या ती चोख ठेवतात.

उंदीर संपले, असे आम्ही म्हणणार नाही. अजून कधीमधी पुडी पडते. पण काकींची खिडकी आता उघडी असते.

कचरा जातो कुठे?

गाडीत टाकला म्हणजे तरी कचरा संपतो का? नाही. मुंबईत रोज सहा हजार टनांहून अधिक कचरा निघतो. देवनारची कचराभूमी १९२७ सालापासूनची. तिथे कचऱ्याचे डोंगर झाले. २०१६ च्या जानेवारीत तिथे मोठी आग लागली. गोवंडी-चेंबूरच्या लोकांना कितीतरी दिवस धूर खावा लागला. तिथेही मुले आहेत. आपण ओला आणि सुका वेगळा केला, खत केले, कागद-बाटल्या भंगारवाल्याला दिल्या, तर तिकडे जाणारा भार तेवढा हलका होतो.

गिरण्या बंद झाल्या. आमच्या भोवती टॉवर उभे राहिले. कुणी चाळीतून विसाव्या मजल्यावर गेले. आनंद आहे. पण विसाव्या मजल्यावरचा माणूससुद्धा पावसात हिंदमाताच्या पाण्यातूनच घरी येतो.

हाफकिनसाहेबांनी लस दिली. डॉक्टर औषध देतील. पालिका गाडी पाठवील. पण खिडकीतून बाहेर जाणारा हात त्यांच्यापैकी कुणीही धरू शकत नाही. तो ज्याचा त्यानेच धरायचा आहे.

वाचून झाल्यावर एकमेकांना विचारा

तुमच्या चाळीतल्या घरगल्लीत आज काय पडले आहे? जाऊन पाहा.

तळमजल्यावरच्या घराची मागची खिडकी उघडी असते का?

तुमच्याकडे कचऱ्याची गाडी किती वाजता येते? त्या वेळी कामावर असणाऱ्यांचा डबा खाली कोण नेईल?

पावसाच्या तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर किती तासांच्या आत डॉक्टरांना भेटावे?